शेलमधलं तेल: राहिलंय किती, सुटेल किती? जनक खडक तपासण्याची रीत, पायरी-पायरीने

सोलापुरात बोअर मारली की मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. दुसरं काही लागत नाही. म्हणून इथे भूशास्त्र शिकणारी मुलं हमखास विचारतात, "सर, तेलाचे खडक आपण कशाला शिकायचे?" मी त्यांना फळ्यावर खंभातच्या खोऱ्याचा उभा छेद काढून दाखवतो. आपल्या विहिरींच्या कडेला दिसतो तोच दख्खनचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तिथे खोल खाली तळ म्हणून पसरला आहे. त्यावर त्याच बेसॉल्टच्या झिजेतून साचलेला ओलपाडचा भरड थर. आणि त्याच्यावर पॅलिओसीन ते आरंभीच्या इओसीन काळात साचलेला काळपट कँबे शेल. शेल म्हणजे बारीक चिखल दबून बनलेला पापुद्रेदार खडक. १९५८ मध्ये लुणेजला तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला. त्या तेलाचा जनक हा शेल. सोलापूरची जमीन आणि गुजरातचं तेल यांच्यात एवढंच अंतर आहे: आपल्याकडे तळ उघडा राहिला, तिथे त्याच्यावर भर पडली.

जनक खडकाची, म्हणजे ज्यात तेल बनतं त्या सोर्स रॉकची, तपासणी नवी नाही. पण शेल तेलासाठी ती करताना प्रश्न उलटा होतो, आणि तो उलटा झालाय हे विसरलं की पुढचं सगळं गणित चुकतं. पूर्वी विचारायचे, या खडकातून तेल बाहेर पडलं का? आता विचारायचं, बाहेर न पडता आत किती राहिलं, आणि त्यातलं हलेल किती? करडई घाण्यातून काढली तरी पेंडीत थोडं तेल उरतं. पेंड ते धरून ठेवते. शेल तेलाचा सगळा शोध हा पेंडीतल्या तेलाचा शोध आहे. म्हणून 'भरपूर सेंद्रिय द्रव्य, म्हणजे भरपूर तेल' हे समीकरण मी पहिल्याच दिवशी खोडायला लावतो.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवू. 'ऑइल शेल' वेगळा आणि 'शेल ऑइल' वेगळं. ऑइल शेलमधलं सेंद्रिय द्रव्य अजून कच्चं असतं, तो खडक भट्टीत तापवावा लागतो. शेल ऑइलमध्ये ही भाजणी निसर्गाने जमिनीखाली लाखो वर्षांत करून ठेवलेली असते. आपली शेंगाचटणी कुटताना दाणे कच्चे असले तर कितीही घाव घाला, हाती कोरडी भुकटी येते. खरपूस भाजलेले असले तर उखळ तेलाने चकाकतं. करपले तर काळी पूड. खालच्या पायऱ्यांमध्ये 'परिपक्वता' हा शब्द येईल तेव्हा ही भाजणी डोळ्यांसमोर ठेवा.

पहिली पायरी: नमुना सांभाळा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण प्रयोगशाळेत दुरुस्त न होणारी चूक इथेच होते.

कोअर, म्हणजे विहिरीतून अखंड काढलेला खडकाचा दंड, वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो आणि हलकं तेल व वायू उडायला लागतात. शेल तेलात आपल्याला हवा असतो तो नेमका हाच हलका भाग. म्हणून कोअर वर येताच भूरासायनिक तपासणीचे तुकडे आधी वेगळे काढा. त्यांच्याभोवती प्लास्टिकची पातळ फिल्म, वरून अॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर मेणाचा थर, आणि मग थेट फ्रीजर. दळताना गिरणी तापते, तेव्हा शक्य असेल तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून थोडा-थोडा आणि झटपट दळा. दळलेली पूड उघडी ठेवून जेवायला जाऊ नका.

कोअर महाग असतो, म्हणून बहुतेकदा हाती येतात ते कटिंग्ज, म्हणजे ड्रिलिंगच्या मडबरोबर (विहीर खोदताना आत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवाबरोबर) वर आलेले चुरे. त्यात वरच्या थरांतून ढासळलेले तुकडे मिसळलेले असतात. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली बसून रंग, पोत आणि कडा बघून हव्या त्या थराचे तुकडे चिमट्याने वेचा. कंटाळवाणं काम आहे, पण ते शिकाऊ मदतनिसावर सोडू नका. थंड पाण्याने धुवा आणि ४० अंशांच्या खाली, सावलीत वाळवा. आता सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात सावलीतलाच पारा ४० च्या वर जातो. त्यामुळे 'हवेत वाळवणे' ही पुस्तकातली सूचना इथे वातानुकूलित खोलीतच पाळता येते. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला किंवा कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेला नमुना मी हलक्या तेलाच्या तपासणीसाठी बाद धरतो.

मी नोकरीत नवा होतो तेव्हा एका प्रयोगशाळेत रात्रभर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये कटिंग्ज वाळवले गेले. मातीतला ओलावा मोजताना तसंच करतात, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. मुक्त तेलाचा आकडा जवळजवळ शून्य आला आणि त्या थरावर काट मारली गेली. पुढे त्याच खोलीवरचा मेणात बंद केलेला कोअरचा तुकडा तपासला, तेव्हा तिथे तेल होतं. त्या दिवसापासून नमुना कसा वाळवला हे लिहिलेलं नसेल तर मी त्याच्या आकड्यांकडे बघत नाही.

मडमध्ये काय-काय मिसळलं होतं, त्याची यादी ड्रिलिंगवाल्यांकडून मागून घ्या. मड तेलाधारित असेल तर डिझेल किंवा कृत्रिम तेल नमुन्यात मुरलेलं असतं. पाण्याधारित असला तरी त्यात लिग्नाइट (तपकिरी कोळसा) किंवा गिल्सोनाइट (नैसर्गिक डांबर) घातलेलं असू शकतं. दोन्ही सेंद्रिय द्रव्यंच, आणि यंत्राला आपलं-परकं कळत नाही.

दुसरी पायरी: टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन

घरात शहाबादी फरशी असेल तर कोपऱ्यातल्या एखाद्या तुकड्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. ती फसफसते. हा वायू चुनखडकातल्या कार्बोनेटचा, म्हणजे असेंद्रिय कार्बनचा. नमुना तसाच जाळून कार्बन मोजला तर हाही हिशोबात शिरतो. म्हणून पूड आधी आम्लाने धुऊन, आम्लाचा अंश काढून, मगच जाळायची. डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेलं कार्बोनेट, थंड आम्लात आळसावतो, त्याला कोमट आम्ल आणि जास्त वेळ द्या. धुण्यात थोडं सेंद्रिय द्रव्यही वाहून जातं, तेव्हा आधीचं आणि नंतरचं वजन दोन्ही नोंदवा.

वजनी टक्क्यांत ०.५ च्या खाली गरीब, ०.५ ते १ बरा, १ ते २ चांगला, २ ते ४ फार चांगला, ४ च्या वर उत्तम, ही नेहमीची वर्गवारी. ती पाठ करा, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. टीओसीमध्ये तेल देऊ शकणारा कार्बन, तेल देऊन झालेला मृत कार्बन आणि आत अडकलेलं तेल हे तिन्ही एकाच आकड्यात येतात.

तिसरी पायरी: रॉक-इव्हल

फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत १९७० च्या दशकात घडवलेली ही पद्धत आजही या कामाचा कणा आहे. सुमारे ६० ते १०० मिलिग्रॅम पूड निष्क्रिय वायूच्या प्रवाहात तापवायची. ३०० अंशांवर जे उडतं ते आधीच तयार असलेलं मुक्त तेल, त्याला एस-१ म्हणतात. मग मिनिटाला २५ अंशांनी तापमान चढवत नेलं की केरोजन, म्हणजे खडकातलं द्रावकात न विरघळणारं घट्ट सेंद्रिय द्रव्य, फुटून जे निघतं ते एस-२. केरोजनमधल्या ऑक्सिजनमुळे सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड म्हणजे एस-३. एस-२ चं शिखर ज्या तापमानाला येतं ते टीमॅक्स. तिन्ही एस खडकाच्या दर ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये.

यातून चार आकडे काढायचे. एस-२ भागिले टीओसी गुणिले १०० म्हणजे हायड्रोजन निर्देशांक. एस-३ ला तसंच केलं की ऑक्सिजन निर्देशांक. एस-१ भागिले एस-१ व एस-२ ची बेरीज म्हणजे उत्पादन निर्देशांक. आणि एस-१ भागिले टीओसी गुणिले १०० म्हणजे तेल-संपृक्तता निर्देशांक, जो आपल्या कामाचा सर्वात मोलाचा.

कच्च्या खडकाचा हायड्रोजन निर्देशांक ६०० च्या वर असेल तर केरोजन पहिल्या प्रकारचं, बहुधा तळ्यातल्या शैवालाचं. ३०० ते ६०० दुसऱ्या प्रकारचं, सहसा समुद्री. ५० ते २०० तिसऱ्या प्रकारचं, जमिनीवरच्या झाडापाल्याचं, जे वायू जास्त देतं. २०० ते ३०० मध्ये दोन्हींची सरमिसळ. पण खडक जसा भाजत जातो तसा हा निर्देशांक घसरतो. भाजलेल्या खडकाचा १५० पाहून 'हे झाडापाल्याचं' असा निकाल देणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

प्रयोगशाळेकडून फक्त आकड्यांचा तक्ता घेऊ नका. प्रत्येक नमुन्याचा आलेख मागा, आणि दर काही नमुन्यांमागे चालवलेल्या प्रमाण नमुन्याचे निकालही. एस-२ च्या शिखराला डाव्या बाजूने खांदा असेल तर जड तेल ३०० अंशांवर न उडता एस-२ मध्ये शिरलंय, टीमॅक्स खोटा कमी दिसतोय. एस-२ ०.२ च्या खाली असेल तर टीमॅक्सला अर्थच नाही. कमी टीओसीच्या मातकट शेलमध्ये चिकणमातीची खनिजं तेल धरून ठेवतात आणि एस-२ कमी दाखवतात. एका थराचे सगळे नमुने टीओसी विरुद्ध एस-२ असे मांडा. बिंदूंमधून जाणारी रेषा शून्याच्या वर टीओसीचा अक्ष छेदत असेल, तर तेवढा कार्बन काहीच देत नाहीये किंवा खनिजं घास काढून घेतायत.

तीन नमुने सोडवून पाहू

आकडे मी शिकवण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्या विहिरीचे नाहीत.

क: टीओसी ३.२, एस-१ १.१, एस-२ १४.४, टीमॅक्स ४३२.
ख: टीओसी २.४, एस-१ ३.१, एस-२ ७.२, टीमॅक्स ४४६.
ग: टीओसी ०.६, एस-१ १.५, एस-२ ०.९, टीमॅक्स ४२४.

वर्गात विचारलं की बहुतेक हात 'क'साठी वर होतात, कारण टीओसी सर्वात जास्त. त्याचा हायड्रोजन निर्देशांक ४५०, उत्तम केरोजन. पण टीमॅक्स ४३५ च्या खाली, उत्पादन निर्देशांक ०.०७ आणि तेल-संपृक्तता जेमतेम ३४. दाणे छान आहेत, भाजलेलेच नाहीत.

'ख'ची संपृक्तता १२९, उत्पादन निर्देशांक ०.३०. इथे १०० ही रेषा का महत्त्वाची, ते समजून घ्या. केरोजन आपल्या दर ग्रॅम कार्बनमागे साधारण १०० मिलिग्रॅमपर्यंत तेल स्वतःला चिकटवून ठेवतं. त्याच्यापेक्षा जास्त असेल तेव्हाच काही तेल मोकळं आहे असं म्हणता येतं. 'ख' ती रेषा ओलांडतो.

'ग'ची संपृक्तता २५०. आता काय म्हणाल? टीओसी कमी, तेल बेहिशेबी जास्त. हे तेल या खडकाने बनवलेलं नाही, एवढं नक्की. ते एकतर मडमधून आलं, नाहीतर शेजारच्या थरातून. पहिलं असेल तर नमुना कचऱ्यात, दुसरं असेल तर कदाचित हाच तुमचा खजिना. अमेरिकेतल्या बाकन या शेल तेलाच्या प्रसिद्ध थरांमध्ये नेमकं हेच आहे: वर-खाली सेंद्रिय द्रव्याने गच्च भरलेले दोन शेल आणि मध्ये डोलोमाइटयुक्त, गाळवट, कमी टीओसीचा थर. विहिरी आडव्या जातात त्या मधल्या थरात. शेलमध्ये तेल अडकतं, मधल्यात ते हलतं.

फैसला कसा करायचा? नमुन्यातलं तेल द्रावकाने काढून गॅस क्रोमॅटोग्राफमधून, म्हणजे तेलाचे घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, चालवा. डिझेल किंवा कृत्रिम तेल मधल्याच काही कार्बन-संख्यांवर गर्दी करतं. नैसर्गिक तेलातल्या अल्केनची (कार्बनच्या साखळ्यांच्या साध्या हायड्रोकार्बनची) शिखरं हलक्यापासून जडापर्यंत क्रमाने उतरत जातात. शेजारी मडचा नमुनाही चालवा, बोटांचे ठसे जुळवावेत तसे दोन्ही आलेख जुळवा. मग 'ग'चा खडक हातात घेऊन बघा: तो शेल आहे, की गाळाचा वा चुन्याचा पट्टा? पट्टा असेल, मड निर्दोष असेल आणि वर-खाली 'ख'सारखे थर असतील, तर मी 'ग'वर पैज लावेन.

चौथी पायरी: भाजणी किती झाली

टीमॅक्स ४३५ ते ४४५ म्हणजे तेलाची सुरुवात, ४४५ ते ४५० ऐन बहर, ४५० ते ४७० उतार, त्यापुढे वायू. हा ढोबळ अंदाज. दुसरी साक्ष हवीच, ती व्हिट्रिनाइटची परावर्तनक्षमता. झाडांच्या लाकडापासून बनलेले हे कण तापतील तसे अधिक चकाकतात. चकचकीत घासलेल्या पृष्ठभागावर तेलाचा थेंब ठेवून ५४६ नॅनोमीटरच्या प्रकाशात ती मोजतात. ०.६ ते १.३५ टक्क्यांमध्ये तेलाची खिडकी, म्हणजे तेल बनण्याचा टप्पा, आणि शेल तेलासाठी मला ०.८ च्या पुढचा भाग आवडतो, कारण तिथलं तेल हलकं आणि वाहतं असतं.

इथे शहाबादी फरशी पुन्हा आठवा. आपल्या शेजारच्या भीमा खोऱ्यातला तो चुनखडक आणि त्याच्याबरोबरचे शेल इतके जुने आहेत की तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती. तिथे व्हिट्रिनाइट शोधणं व्यर्थ. अशा वेळी घट्ट झालेल्या बिटुमेनची, म्हणजे डांबरासारख्या पदार्थाची, परावर्तनक्षमता मोजतात. तिला ०.६१८ ने गुणून ०.४० मिळवलं की व्हिट्रिनाइटशी तोलता येणारा आकडा मिळतो.

टीमॅक्सवरून परावर्तनक्षमता काढायचं सूत्रही प्रचलित आहे: टीमॅक्स गुणिले ०.०१८० वजा ७.१६. 'ख'साठी ते ०.८७ येतं. पण हे सूत्र टेक्सासच्या बार्नेट शेलवर, दुसऱ्या प्रकारच्या केरोजनवर बसवलेलं आहे. झाडापाल्याची भर असलेल्या आपल्या थरांना ते डोळे झाकून लावू नका.

पाचवी पायरी: एकदा तसाच, एकदा धुऊन

शेल तेलाच्या कामात पैसे कमी असतील तर बाकी काही वगळा, ही पायरी वगळू नका. नमुना एकदा जसाच्या तसा रॉक-इव्हलमध्ये चालवायचा. मग सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक पुन्हा-पुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात, डायक्लोरोमिथेन या द्रावकाने धुऊन, वाळवून पुन्हा चालवायचा. धुतल्यावर एस-२ जेवढा घटला, तेवढं जड तेल आधी केरोजनच्या नावावर खपत होतं.

'ख' धुतल्यावर एस-१ ०.१ आणि एस-२ ५.८ आला असं समजा. एस-१ मधली घट ३.०, एस-२ मधली १.४. एकूण तेल दर ग्रॅममागे ४.४ मिलिग्रॅम. नुसता एस-१ पाहून ३.१ म्हटलं असतं, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश तेल हिशोबातून निसटलं असतं. आणि साठवणीत उडून गेलेलं हलकं तेल याच्याही वर, ते ताज्या गोठवलेल्या तुकड्याशी तुलना करूनच कळतं. धुतलेल्या नमुन्याचा टीमॅक्स थोडा वर सरकला तर तोच खरा माना.

सोलापूरसाठी एक खास सूचना. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कंडेन्सरला जोडलंत तर वाफ थंड होणारच नाही, द्रावक खोलीत पसरेल. ते फुप्फुसांना आणि यकृताला घातक आहे. चिलर लावा, धूरकपाटातच काम करा, नाहीतर हे काम हिवाळ्यावर ढकला.

एकूण तेलातलं हलणारं किती, हे पाहायला तापमान टप्प्यांनी चढवतात. २०० अंशांपर्यंत निघतं ते सर्वात हलकं आणि सर्वात हलणारं. २०० ते ३५० मध्ये मधलं. त्यानंतर येतं ते केरोजनला चिकटलेलं जड तेल आणि खुद्द केरोजनची फूट. दोन थरांचं एकूण तेल सारखं असलं तरी पहिल्या टप्प्यातला वाटा ज्याचा मोठा, त्याला आधी विहीर द्या.

बायोमार्कर, म्हणजे जुन्या जीवांच्या रेणूंचे सांगाडे, हे सुंदर शास्त्र आहे, पण इथे त्यांना मोजकं काम द्या. तेल याच थराचं की पाहुणं, आणि भाजणीची तिसरी साक्ष. सी-२९ स्टेरेन या बायोमार्करमधलं २०-एस या रूपाचं प्रमाण ०.५५ च्या आसपास पोचून थांबतं. ते तिथे पोचलं असेल तर त्यापुढची भाजणी त्यावरून मोजू नका.

सहावी पायरी: खडक तडकेल का

एक्सआरडीने, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाने, खनिजं मोजा. क्वार्ट्झ, कॅल्साइट, डोलोमाइट जास्त असेल तर खडक ठिसूळ, पाण्याच्या दाबाने तडे जातात आणि उघडे राहतात. चिकणमाती जास्त असेल तर तडा पुन्हा मिटतो. आपल्या काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा पहिल्या पावसात कशा बुजतात ते ज्याने पाहिलंय, त्याला फुगणारी चिकणमाती समजावून सांगावी लागत नाही.

शेवटची बेरीज

'ख'सारखा थर ३० मीटर जाड आणि एक चौरस किलोमीटर पसरलेला धरू. घनता २.५ असेल तर घनमीटर खडकात ४.४ गुणिले २.५, म्हणजे ११ किलो तेल. तेलाची घनता ०.८५ धरली तर सुमारे १२.९ लिटर. तीन कोटी घनमीटरमध्ये ३ लाख ८८ हजार घनमीटर, म्हणजे साधारण २४ लाख बॅरल. हे जागेवरचं तेल. शेलमधून हाती येतं ते बहुधा याच्या दहा टक्क्यांच्या आत.

गृहीतकं बदलली की बेरीज किती हलते, याचं उदाहरण आपल्याच देशाचं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने २०१३ मध्ये भारतात काढता येण्याजोगा शेल वायू ९६ लाख कोटी घनफूट आणि शेल तेल ३८० कोटी बॅरल धरलं. त्याच देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने वर्षभर आधी तीन खोऱ्यांसाठी वायूचा आकडा दिला होता ६.१ लाख कोटी घनफूट. म्हणून अहवालात एक आकडा न देता कमी, मधला आणि जास्त असे तीन द्या, आणि प्रत्येकासमोर जाडी, घनता, एकूण तेल व उडालेल्या तेलाची भर काय धरली ते लिहा. त्याच पानावर नमुना कधी काढला, कसा वाळवला, किती दिवस कुठे ठेवला आणि मड कुठला होता हेही. तपासून झाल्यावर गोठवलेल्या कोअरचा निम्मा तुकडा मेणात तसाच ठेवा. पाच वर्षांनी कुणीतरी नव्या यंत्रावर तो पुन्हा चालवणार आहे.